लग्नातल्या वॉल्ट्झपासून स्पर्धेच्या फ्लोअरपर्यंत : जोडप्याचा बॉलरूम प्रवास

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत नवरा-नवरी बँडच्या तालावर पहिला नाच करतात. तो अनेकदा वॉल्ट्झ असतो. हाच वॉल्ट्झ स्पर्धेत आला की त्याची लय, पकड, पावलं सगळं नियमात बसवावं लागतं. हौशी जोडपं तिथवर कसं पोहोचतं, त्याची ही माहिती.

दहा नाच, दोन गट

आंतरराष्ट्रीय पद्धतीत दहा नाच आहेत. स्टँडर्ड गटात वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप. लॅटिन गटात सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. लयही ठरलेली असते. वॉल्ट्झमध्ये तीन मात्रांची मिनिटाला २८ ते ३० आवर्तनं होतात, व्हिएनीज वॉल्ट्झमध्ये ५८ ते ६०, म्हणजे जवळपास दुप्पट.

पायरी-पायरीने

इंग्लंडमध्ये नवशिके ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पदक-परीक्षा देतात. जर्मनीत जोडी 'डी' वर्गातून गुण मिळवत सी, बी, ए आणि शेवटी 'एस' वर्गात जाते. सुरुवातीचा बराच काळ नुसतं चालणं, उभं राहणं आणि पकड शिकण्यात जातो. पुरुषाने हाताने ओढायचं-ढकलायचं नसतं. दिशा शरीराच्या वजनातून कळवायची असते.

खरी कसोटी

कोणतं गाणं वाजणार, हे जोडीला सहसा आधी कळत नाही. फ्लोअरवर एकाच वेळी अनेक जोड्या असतात आणि स्टँडर्डमध्ये सगळ्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. समोर कोणी आडवं आलं की ठरलेली पावलं सोडून तिथल्या तिथे वळावं लागतं, आणि ते न बोलता जोडीदाराला कळावं लागतं. जोडी नवरा-बायकोचीच असावी असा नियम नाही. पण असली, तर 'चूक कोणाची?' हा वाद क्लासमधून थेट घरी येतो. म्हणून दोघांनी आपापली पावलं आधी एकट्याने पक्की करणं उपयोगी पडतं.

निकाल कसा लागतो?

प्राथमिक फेऱ्यांत परीक्षक फक्त पुढे न्यायच्या जोड्यांवर खूण करतात. अंतिम फेरीत साधारण सहा जोड्या उरतात. त्यांना क्रमांक दिले जातात आणि बहुमताने निकाल लागतो. त्यामुळे एकट्या परीक्षकाच्या मर्जीवर विजेता ठरत नाही.

थोडा इतिहास

ब्लॅकपूलचा नृत्यमहोत्सव १९२० पासूनचा. १९२२ मध्ये व्हिक्टर सिल्व्हेस्टर आणि फिलिस क्लार्क यांनी जागतिक विजेतेपद मिळवलं. पुढे बिल आणि बॉबी अर्विन या ब्रिटिश दांपत्याने १९६० च्या दशकात जागतिक विजेतेपदांवर नाव कोरलं. १९९७ मध्ये ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच संघटनेचं ब्रेकिंग आलं, बॉलरूम मात्र अजून बाहेरच आहे.

वय आणि खर्च

पस्तिशीनंतर ज्येष्ठांचे गट सुरू होतात, त्यामुळे उशिरा शिकणाऱ्यांनाही जागा आहे. खर्चाचं मात्र आधीच बसून ठरवावं : शिकवणी, प्रवास, पोशाख, शिवाय मऊ चामड्याच्या तळव्याचे खास बूट. सुरुवातीला बूट आणि शिकवणी एवढंच पुरतं. पोशाखाचं स्पर्धा ठरल्यावर बघता येतं.