युद्धकाळातील कापडटंचाई आणि नऊवारी लुगडे

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई जगभर जाणवली. मात्र स्त्रियांच्या पोशाखावर तिचा परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही.

इंग्लंडमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी प्रौढ व्यक्तीला ६६ कूपने मिळत. त्यांपैकी ११ एका लोकरी झग्यालाच लागत. १९४२ मध्ये सरकारने चुण्या, खिसे आणि गुंड्यांवरही मर्यादा घातली. नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमिस यांसारख्या नामवंत वेशरचनाकारांनी त्या चौकटीत बसणारे नमुने तयार केले. हे रेशनिंग मार्च १९४९ मध्ये संपले.

भारतात गिरण्यांचे बरेचसे कापड लष्कराकडे वळले आणि जपानी कापडाची आयात थांबली. भाव भडकल्यावर जून १९४३ मध्ये सुती कापड व सुतावर नियंत्रण आले. कमाल किंमत ठरवून ती कापडावर छापणे बंधनकारक झाले. गरिबांसाठी स्वस्त 'स्टँडर्ड क्लॉथ'ची योजना निघाली. पुढे अनेक ठिकाणी शिधापत्रिकेवर कापड मिळू लागले.

येथे प्रश्न वेगळा होता. लुगडे शिवायचे नसते, नेसायचे असते. त्यामुळे काटकसरीला वाव होता तो केवळ लांबीत. १८ वार कापडात दोन नऊवारी लुगडी होतात, तर सहावारी पातळे तीन. पण गोल पातळाखाली परकर लागतो; त्यामुळे वाचलेल्या कापडातील काही पुन्हा खर्ची पडते. शिक्षण, नोकरी आणि शहरी राहणीमुळे गोल पातळाचा स्वीकार आधीच सुरू झाला होता. टंचाईने त्याला व्यवहाराचे कारण पुरविले.

कोरेगावसारख्या शेतीप्रधान तालुक्यात ही सोय पुरेशी नव्हती. भांगलणी, काढणी, मळणी ही कामे कासोटा घातल्याने सुकर होतात. त्यामुळे नऊवारी टिकली आणि काटकसर झाली ती सुईदोऱ्याने. मधोमध विरलेल्या लुगड्याचा जीर्ण भाग काढून उरलेले तुकडे जोडणे, म्हणजेच दंड घालणे, ही घरोघरची रीत होती. अगदीच फाटलेल्या लुगड्याची वाकळ होई.

याच काळात, १९४३ ते १९४६ दरम्यान, सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार कार्यरत होते. आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग तेव्हा साताऱ्यातच होता. प्रतिसरकारने पुरस्कारलेल्या 'गांधी विवाहां'त मानपान आणि अवास्तव खर्चाला फाटा दिला जाई. कापड दुर्मिळ व महाग असताना या साधेपणाचे मोल वधूपित्याला विशेष जाणवले असणार.

जानेवारी १९४८ मध्ये कापडावरील नियंत्रण उठले. परंतु भाव वाढल्याने त्याच वर्षी ते पुन्हा लादावे लागले. इंग्लंडमधील काटकसरीचे नमुने आज संग्रहालयांत जपलेले आढळतात. दंड घातलेली लुगडी मात्र वाकळांत शिवली गेली. त्यामुळे येथील स्त्रियांच्या कसबाचे पुरावे फारसे उरले नाहीत.