शिफारसपत्र म्हणजे साक्ष : आंबेडकरांच्या शिक्षणप्रवासातून एक धडा

पदवीनंतर तुमच्यापैकी काही जण एमटेक किंवा एमएस्सी करतील आणि त्यातले काही पुढे पीएचडीसाठी अर्ज करतील. परदेशी विद्यापीठे त्यासाठी बहुधा तीन शिफारसपत्रे मागतात. ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधर नाही, त्यांना इथे धडकी भरते : 'आमची कुठे कोणाशी ओळख आहे?' या प्रश्नाचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाच्या इतिहासात सापडते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. मुंबईतील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी या मुलाला बागेत नेमाने वाचत बसलेले पाहिले होते. पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी पैशांची अडचण आली, तेव्हा केळुसकर गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. या दोघांत नाते नव्हते, जातही एक नव्हती. गुरुजींनी जे डोळ्यांनी पाहिले होते, तेच सांगितले.

१९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था या विषयावर प्रबंध लिहून १९१५ मध्ये ते एमए झाले. सार्वजनिक वित्ताचे नामवंत अभ्यासक प्रा. एडविन सेलिग्मन हे तिथले त्यांचे गुरू. १९१६ मध्ये आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे वळले, तेव्हा सेलिग्मन यांचे शिफारसपत्र त्यांच्या पाठीशी होते. ते पत्र लिहिताना गुरूंना काही आठवावे लागले नसेल. शिष्याचे काम त्यांच्या समोरच झाले होते.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. लंडनचे प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीमुळे चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळाली. १९२० मध्ये ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या ग्रंथाला कॅनन यांनीच प्रस्तावना लिहिली, आणि तीत आपले मतभेद उघड नोंदवले. चांगला शिफारसकर्ता तुमच्याशी सहमत असलाच पाहिजे असे नाही. तुमच्या विचारात दम आहे, हे त्याला पटलेले असले म्हणजे पुरे.

सेलिग्मन यांच्याशी पत्रव्यवहारही चालू राहिला. १९१७ च्या प्रवासात बोट पाणतीराने बुडाली आणि मूळ प्रबंधाचे हस्तलिखित गेले. आपण नवा प्रबंध लिहिला आहे, हे १९२२ मध्ये आंबेडकरांनी गुरूंना पत्राने कळवले. १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह निघाला आणि १९२७ मध्ये कोलंबियाची पीएचडी मिळाली.

आता तुमच्याकडे येऊ. शिफारसपत्र म्हणजे साक्ष, आणि साक्षीदाराने काहीतरी पाहिलेले असावे लागते. मी वर्षानुवर्षे पाहतो आहे : अंतिम तारखेच्या आठवड्यात विद्यार्थी धावत येतो, आणि त्याच्याविषयी लिहायला माझ्याकडे हजेरी आणि गुण यापलीकडे काहीच नसते. असे पत्र निवड समितीला गुणपत्रिकेहून जास्त काही सांगत नाही.

म्हणून एमटेकच्या पहिल्याच सत्रात दोन-तीन शिक्षक हेरा. त्यांच्या विषयात एखादे छोटे काम हाती घ्या, ते लिहून दाखवा, चुका दुरुस्त करून पुन्हा दाखवा. पत्र मागायचे तेव्हा किमान महिनाभर आधी मागा. सोबत प्रबंधाचा सारांश, गुणपत्रिका, विद्यापीठांची यादी आणि तारखा द्या. 'सर, माझ्याविषयी ठामपणे लिहिता येईल का?' असे सरळ विचारा. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. कोमट पत्रापेक्षा तो बरा. आणि निकाल काहीही लागो, शिक्षकांना कळवायला विसरू नका.

ओळख वारशाने मिळत नसेल, तर ती कामातून उभी करता येते.