ट्रायन, सर जॉर्ज
(४ जानेवारी १८३२–२२ जून १८९३). ब्रिटिश आरमारातील एक कर्तबगार अधिकारी व नौडावपेचतज्ञ. जन्म नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातील बुलिक पार्क येथे. ईटन येथील शिक्षणानंतर १८४८ मध्ये तो आरमारात दाखल झाला. क्रिमियन युद्धात सेव्हॅस्टोपोलच्या वेढ्यात त्याने नाविक पथकातून भाग घेतला. १८६१ मध्ये ‘वॉरिअर’ या नव्या चिलखती युद्धनौकेवर त्याची कमांडर म्हणून नेमणूक झाली. १८६८ च्या ॲबिसिनिया मोहिमेचे सैन्य मुख्यतः मुंबई इलाख्यातून गेले होते. या मोहिमेत ॲन्स्ली उपसागरातील जहाजवाहतुकीची व्यवस्था ट्रायनने चोख ठेवली. पुढे तो नौदल कार्यालयाचा स्थायी सचिव (१८८२–८४) व ऑस्ट्रेलियन नौकेंद्राचा प्रमुख (१८८४–८७) झाला. १८९१ मध्ये भूमध्य समुद्रातील आरमाराचे सेनापतिपद त्याला मिळाले.

तत्कालीन आरमारात प्रत्येक हालचाल निशाणांच्या विस्तृत संकेतांनुसार होई. युद्धाच्या धुरात निशाणे दिसणार नाहीत व संदेशाची वाट पाहणारे कप्तान निष्क्रिय राहतील, असे ट्रायनचे मत होते. म्हणून त्याने ‘टी. ए.’ ही पद्धती सुरू केली. हा संकेत फडकताच नौकांनी पुढील आज्ञेची वाट न पाहता प्रमुख नौकेच्या हालचाली ओळखून अनुसरण करावयाचे असे. तथापि त्याचा दरारा व अबोल स्वभाव यांमुळे हाताखालचे अधिकारी त्याला प्रश्न विचारण्यास कचरत.

२२ जून १८९३ रोजी लेबाननमधील त्रिपोलीजवळ आरमार दोन समांतर रांगांत चालले असता, त्याने दोन्ही रांगांना आतील बाजूस वळण्याचा हुकूम निशाणांच्या नेहमीच्या पद्धतीने दिला. रांगांमध्ये सु. १,१०० मी. अंतर होते, वळणासाठी किमान सु. १,४६० मी. आवश्यक होते. अधिकाऱ्यांनी अंतर कमी असल्याचे सुचवूनही त्याने हुकूम बदलला नाही. दुसऱ्या रांगेचा प्रमुख रिअर ॲडमिरल ॲल्बर्ट मार्कम प्रथम थबकला. परंतु विलंबाचे कारण विचारणारा संदेश येताच त्याने आज्ञा पाळली. मार्कमच्या ‘कँपरडाउन’ने ट्रायनच्या ‘व्हिक्टोरिया’ला धडक दिली. ‘व्हिक्टोरिया’ सु. तेरा मिनिटांत बुडाली. ट्रायनसह ३५८ जण मृत्युमुखी पडले. दोष आपलाच, असे तो अखेरीस म्हणाल्याचे बचावलेल्यांनी सांगितले.

माल्टा येथील सैनिकी न्यायालयाने अपघातास ट्रायनचा हुकूम कारणीभूत ठरविला व नौकेचा कप्तान मॉरिस बर्क यास निर्दोष ठरविले. मार्कमने आपली शंका कळविली नाही याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. परंतु वरिष्ठाची आज्ञा पाळल्याबद्दल त्याला दोष देणे सेवेच्या हिताचे नाही, असेही नमूद केले.

अपघात ‘टी. ए.’ पद्धतीमुळे झाला नव्हता. तरीही ट्रायनबरोबर ती पद्धतीही मागे पडली आणि संकेतग्रंथाचे वर्चस्व पुन्हा दृढ झाले. जटलंडच्या लढाईत (१९१६) अनेक ब्रिटिश अधिकारी आज्ञेसाठी खोळंबले, त्याचे मूळ काही इतिहासकार या घटनेत शोधतात. त्या लढाईतील ब्रिटिश सेनापती जॉन जेलिको हा ‘व्हिक्टोरिया’वरून बचावलेल्यांपैकी एक होता. स्वयंनिर्णयाचा पुरस्कार करणाऱ्या ट्रायनचा अंत हाताखालच्यांच्या निमूट आज्ञापालनामुळे घडून आला. ‘व्हिक्टोरिया’चे अवशेष २००४ मध्ये समुद्रतळाशी नाळ रुतून उभ्या स्थितीत आढळले.