आभासी वास्तव : सामूहिक कार्य व अध्ययन यांतील मूल्यमापन

संगणकाने निर्माण केलेल्या त्रिमितीय दृश्यात आपण स्वतः वावरत आहोत, असा अनुभव पाहणाऱ्यास देणाऱ्या तंत्रास ‘आभासी वास्तव’ म्हणतात. परस्परांपासून दूर असलेल्या अनेक व्यक्तींना अशा एकाच दृश्यात एकाच वेळी प्रवेश करता येत असेल, परस्परांशी बोलता येत असेल व तेथील वस्तू मिळून हाताळता येत असतील, तर त्या दृश्यास ‘सहयोगी आभासी परिसर’ अशी संज्ञा देतात. बैठका, यंत्रांचे व इमारतींचे आराखडे, प्रशिक्षण आणि अध्यापन यांसाठी अशा परिसरांच्या आज्ञावल्या (सॉफ्टवेअर) मुख्यत्वे १९९० नंतर तयार झाल्या. त्या आपला हेतू कितपत साध्य करतात, हे ठरविण्याच्या पद्धतींचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे. आभास जितका हुबेहूब, तितके काम वा शिकणे अधिक चांगले, या गृहीतकाची तपासणी हे या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

पूर्वेतिहास : कृत्रिम परिस्थितीत शिकविण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी जमिनीवरच हलणारी कक्षिका तयार केली व १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने ती विकत घेतली. या साधनाच्या मूल्यमापनाचा निकष साधा होता : कक्षिकेत मिळविलेले कौशल्य प्रत्यक्ष विमानात उपयोगी पडते की नाही. स्टॅन्ली रॉस्को यांनी १९७१ मध्ये या निकषाला नेमके गणिती रूप दिले. कक्षिकेतील प्रत्येक तासामुळे प्रत्यक्ष उड्डाणाचा किती वेळ वाचतो, हे गुणोत्तर त्यांनी मांडले. कक्षिकेत घालविलेल्या दहा तासांमुळे उड्डाणाचे पाच तास वाचले, तर हे गुणोत्तर ०·५ येते. कक्षिकेतील पहिल्या तासांचा लाभ मोठा व पुढच्या तासांचा उत्तरोत्तर कमी असतो, हेही त्यांनी दाखविले. पुढील काळातील पुष्कळ मूल्यमापनांत इतका स्पष्ट निकष आढळत नाही.

मॉर्टन हाइलिग (१९२६–९७) यांना १९६२ मध्ये ‘सेन्सोरामा’ या यंत्राचे एकस्व मिळाले. त्यात एका प्रेक्षकाला त्रिमितीय चित्रपटाबरोबर ध्वनी, वारा व गंध यांचाही अनुभव येत असे. आयव्हन सदरलँड (१९३८– ) यांनी १९६५ मध्ये आभासी दृश्याची कल्पना एका निबंधात मांडली आणि १९६८ मध्ये डोक्यावर धारण करावयाचा दर्शक सिद्ध केला. डोके वळविताच त्यातील रेषाकृती त्यानुसार बदलत. डोक्याची हालचाल टिपणारी यांत्रिक भुजा छताला टांगलेली होती. त्याच वर्षी ९ डिसेंबर रोजी डग्लस एंगलबार्ट (१९२५–२०१३) यांनी सॅन फ्रॅन्सिस्को येथील सभेत, सु. ५० किमी. दूर असलेल्या मेन्लो पार्क येथील सहकाऱ्यांबरोबर एकाच संगणकीय मजकुरावर काम करून दाखविले. अशा रीतीने आभासी दृश्य व संगणकाद्वारे सहकार्य हे दोन्ही प्रवाह १९६८ मध्ये स्पष्टपणे दिसू लागले; तथापि सुमारे दोन दशके त्यांची वाटचाल बव्हंशी स्वतंत्रपणे झाली.

दोन्ही प्रवाहांचा संगम १९८० नंतर झाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने १९८३ मध्ये ‘सिमनेट’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यात अनेक ठिकाणच्या रणगाडा-कक्षिका जोडून सामूहिक युद्धसराव घेता येई. प्रत्येक तपशील हुबेहूब न दाखविता, कामाला आवश्यक तेवढेच तपशील अचूक दाखवावेत, हे ‘निवडक यथार्थते’चे तत्त्व या प्रकल्पात अवलंबिले गेले. लुकासफिल्म या कंपनीने १९८६ च्या सुमारास घरगुती संगणकांसाठी ‘हॅबिटॅट’ हे सामाईक आभासी नगर निर्माण केले. त्यातील माणसांच्या चित्ररूप प्रतिनिधींना ‘अवतार’ हा मूळ संस्कृत शब्द लावण्यात आला व पुढे तो जगभर रूढ झाला. हॅबिटॅटमधील चित्रे अगदी साधी होती. परंतु अशा परिसराचे स्वरूप दृश्यतंत्रापेक्षा त्यातील माणसांच्या परस्परव्यवहारांनी अधिक ठरते, असा निष्कर्ष त्याचे कर्ते चिप मॉर्निंगस्टार व रँडल फार्मर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. जॅरन लेनिअर (१९६०– ) यांच्या व्हीपीएल कंपनीने १९८९ मध्ये दोन व्यक्तींना एकाच आभासी दृश्यात आणणारी प्रणाली दाखविली. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात १९९२ मध्ये ‘केव्ह’ ही, भिंतींवर प्रक्षेपित केलेल्या दृश्यांनी वेढलेली खोली तयार झाली.

मापनसाधने : संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या सहकार्याचे शास्त्र या नावाने नवी अभ्यासशाखा १९८४ मध्ये आयरीन ग्रीफ व पॉल कॅशमन यांनी सुचविली. तिची पहिली मोठी परिषद १९८६ मध्ये टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथे भरली. अशा आज्ञावल्या वारंवार का फसतात, याचे विवेचन जोनाथन ग्रूडिन यांनी १९८८ मध्ये केले. त्यांच्या मते जादा श्रम एकाला पडतात व लाभ दुसऱ्याला होतो, हे अपयशाचे एक प्रमुख कारण होय. एकट्याने वापरावयाच्या आज्ञावलीची परीक्षा प्रयोगशाळेत थोड्या तासांत करता येते. परंतु समूहाच्या आज्ञावलीचे यश पदे, सवयी व हितसंबंध यांवर अवलंबून असल्यामुळे ते दीर्घ निरीक्षणानेच कळते, हे त्यांनी निदर्शनास आणले.

याच सुमारास काही प्रमाणित प्रश्नावल्याही प्रचारात आल्या. कामाचा मानसिक भार सहा अंगांनी मोजणारी ‘नासा’ या अमेरिकी अवकाश संस्थेची पद्धती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. रॉबर्ट केनेडी व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये मळमळ, डोळ्यांचा ताण, भोवळ इ. १६ लक्षणांची प्रश्नावली तयार केली. डोळ्यांना गती दिसते, पण शरीराला ती जाणवत नाही, या विसंगतीमुळे उद्‌भवणारा त्रास मोजण्यासाठी ती आजही वापरली जाते. बॉब विटमर व मायकेल सिंगर यांची ‘उपस्थितिभाना’ची प्रश्नावली १९९८ मध्ये पुढे आली. आपण त्या आभासी स्थळी खरोखरच आहोत, असे वाटण्याची मात्रा म्हणजे उपस्थितिभान. पुढे अनेक मूल्यमापनांत हेच मुख्य माप मानले गेले.

मार्टिन उसोह, मेल स्लेटर व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये या मापाचीच परीक्षा घेतली. काही व्यक्तींना एका खऱ्या कार्यालयात व इतरांना त्याच कार्यालयाच्या आभासी प्रतिकृतीत एक वस्तू शोधावयास सांगून नंतर दोन्ही गटांकडून उपस्थितिभानाच्या प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या. विटमर–सिंगर प्रश्नावलीच्या गुणांवरून खरे कार्यालय कोणते व आभासी कोणते, हे ओळखता आले नाही. यावरून, केवळ प्रश्नावलीच्या आधारे दोन भिन्न परिसरांची तुलना करणे धोक्याचे आहे, हे स्पष्ट झाले.

सहकार्यविषयक प्रयोग : यूरोपात १९९० नंतर स्वीडिश संगणकशास्त्र संस्थेची ‘डाइव्ह’ व इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाची ‘मॅसिव्ह’ या प्रणाली विकसित झाल्या. कोणी कोणाचे लक्ष वेधू शकेल व कोणाला कोणाचे बोलणे ऐकू येईल, हे अंतर व दिशा यांवरून ठरविणारे प्रतिमान स्टीव्ह बेनफर्ड व लेनार्ट फालेन यांनी १९९३ मध्ये मांडले. जॉन हिंडमार्श व त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये अशा प्रणालीत खोलीतील फर्निचर मिळून मांडणाऱ्या व्यक्तींचे संभाषण बारकाईने तपासले. एकाने एखाद्या वस्तूकडे बोट दाखविले, तरी दुसऱ्याच्या पडद्यावरील दृष्टिक्षेत्र अरुंद असल्यामुळे त्याला एक तर ते बोट दिसे किंवा ती वस्तू. दोन्ही एकत्र क्वचितच दिसत. परिणामी बराच वेळ ‘तू कशाबद्दल बोलतोस ?’ हे ठरविण्यातच जाई. समोरासमोरच्या व्यवहारात नकळत घडणाऱ्या गोष्टी येथे शब्दांनी भरून काढाव्या लागत. हा दोष कोणत्याही प्रश्नावलीत उमटला नसता. तो संभाषणाच्या निरीक्षणाने उघड झाला.

स्लेटर व त्यांचे सहकारी यांचा २००० मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा एक प्रयोग अधिक विचार करावयास लावणारा आहे. परस्परांना अपरिचित अशा तीन-तीन व्यक्तींचे गट करून त्यांना आभासी खोलीत कोडी सोडविण्यास देण्यात आली. प्रत्येक गटातील एका व्यक्तीने डोक्यावर धारण करावयाचा दर्शक वापरला, तर इतर दोघांपुढे साधे संगणकाचे पडदे होते. आभासी खोलीत नेतृत्व बहुधा दर्शक धारण केलेल्या व्यक्तीकडे गेले. तोच गट नंतर प्रत्यक्ष खोलीत एकत्र काम करू लागला, तेव्हा मात्र तसे घडले नाही. म्हणजे हे नेतृत्व व्यक्तीच्या गुणांचे नसून उपकरणाचे होते. कोणाला कोणते उपकरण मिळाले आहे, हे गटातील इतरांना सांगितलेले नव्हते.

राल्फ श्रोडर व इतरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वीडनमधील गॉथनबर्ग व इंग्लंडमधील लंडन येथील प्रक्षेपणखोल्या जोडून दोघा-दोघांना ठोकळ्यांचे कोडे सोडविण्यास दिले. दोघेही प्रक्षेपणखोलीत असताना काम जवळजवळ समोरासमोर बसल्याइतके चांगले झाले. एक जण प्रक्षेपणखोलीत व दुसरा साध्या पडद्यापुढे असताना ते पुष्कळच मंदावले. भारी साधनाचा लाभ साधनाच्या दर्जाइतकाच त्याच्या समान वाटपावर अवलंबून असतो, असे या दोन प्रयोगांवरून म्हणता येते.

अध्ययनविषयक प्रयोग : शिक्षणशास्त्रात माध्यमाच्या परिणामाविषयी वाद पूर्वीपासून होता. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये असे प्रतिपादन केले की, माध्यम हे केवळ माल वाहणाऱ्या वाहनासारखे असते; अध्ययन पाठाच्या रचनेमुळे घडते, वाहनामुळे नव्हे. रॉबर्ट कोझमा यांनी पुढील दशकात यास विरोध केला. विशिष्ट माध्यमाच्या अंगच्या शक्तींचा उपयोग करून घेणारा पाठ त्या माध्यमाबाहेर तसाच देता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आभासी वास्तवाच्या शैक्षणिक मूल्यमापनास या वादाची पार्श्वभूमी आहे.

इलिनॉय विद्यापीठाच्या ‘नाइस’ या प्रकल्पात १९९० नंतरच्या दशकात लहान मुले आभासी बेटावर मिळून बाग फुलवीत. मुलांचा उत्साह मोठा होता. परंतु ऊन, पाणी व वनस्पतींची वाढ यांविषयीचे त्यांचे आकलन मर्यादितच राहिले, हे प्रकल्पाच्या कर्त्यांनीच प्रांजळपणे नोंदविले. जोसेलिन पॅरांग व रिचर्ड मेयर यांनी २०१८ मध्ये रक्तप्रवाहावरील एकच पाठ काहींना दर्शकातून व काहींना साध्या चित्रमालिकेतून दिला. दर्शकाच्या गटाने अधिक गोडी दाखविली, पण परीक्षेत चित्रमालिकेचा गट सरस ठरला. प्रत्येक भागानंतर स्वतःच्या शब्दांत सारांश लिहावयास लावल्यावर मात्र दर्शकाच्या गटाची गोडी कमी न होता त्याचे आकलन सुधारले. गुइडो मॅक्रान्स्की व इतरांनी २०१९ मध्ये विज्ञानाच्या आभासी प्रयोगशाळेचे अध्ययन केले. त्यांना दर्शकामुळे उपस्थितिभान वाढले, पण अध्ययन घटले, असे आढळले. उलटपक्षी अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०२० मधील एका अभ्यासात दर्शकाचा सरासरी लाभ अल्प असला, तरी अनुकूल दिसला. अवकाशरचनेचे आकलन, हस्तकौशल्य व धोकादायक कामांचा सराव या ठिकाणी या साधनाचा उपयोग करण्यास सबळ कारण आहे. शब्दांत सहज सांगता येणाऱ्या माहितीसाठी ते फारसे नाही.

काळाची कसोटी : थोड्या वेळाच्या प्रयोगात नावीन्याचाच प्रभाव मोजला जाण्याची शक्यता असते. म्हणून दीर्घकालीन अभ्यास महत्त्वाचे ठरतात. वेरेना बीनर व इतरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ व्यक्तींनी एक आठवडा रोज आठ तास दर्शक लावून आपले नेहमीचे काम केले. बहुतेक निकषांवर साधे टेबल व पडदा सरस ठरले. मात्र दिवसागणिक काही त्रास कमी होत गेला. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ पासून दर्शक लावून घेतलेल्या वर्गांत आठवड्यांगणिक उपस्थितिभान व गटाची एकजूट वाढल्याचे आढळले.

आज्ञावलीचे आयुष्य हाही एक निकष आहे. ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ची ‘वंडरलँड’ ही सहयोगी प्रणाली २०१० मध्ये ती कंपनी ‘ओरॅकल’ने घेतल्यावर निराधार झाली, तिचा मूळ संकेत खुला असल्याने वापरणाऱ्यांनी ती काही काळ चालू ठेवली. शाळांसाठीचे ‘गूगल एक्स्पिडिशन्स’ २०२१ मध्ये, ‘ऑल्टस्पेस’ २०२३ मध्ये व मोझिला संस्थेचे ‘हब्ज’ २०२४ मध्ये बंद करण्यात आले. ज्या शिक्षकांनी अशा परिसरांवर पाठ रचले, त्यांना ते पुन्हा पहिल्यापासून रचावे लागतात. वापरणाऱ्याच्या खाजगीपणाचा प्रश्नही यास जोडून येतो. पाच मिनिटांहून कमी काळाच्या शारीरिक हालचालींच्या नोंदींवरून ५११ व्यक्तींतून नेमकी व्यक्ती सु. ९५ टक्के अचूकतेने ओळखता येते, असे २०२० मधील एका संशोधनात दिसून आले. दर्शक वापरणारा विद्यार्थी आपले नाव न सांगताही ओळखला जाऊ शकतो, असा याचा अर्थ आहे.

समारोप : सहयोगी आभासी परिसरांसाठी सर्वमान्य असे एकच माप अद्याप उपलब्ध नाही. वरील इतिहासातून मात्र काही प्रश्न निश्चित झाले आहेत. तुलना कशाशी केली, रिकाम्या वर्गाशी की चांगल्या साध्या पाठाशी. गोडी मोजली की आकलन. शिकलेले प्रत्यक्षात उपयोगी पडले काय. नावीन्य ओसरल्यावर काय उरले. गटातील सर्वांना समान साधन मिळाले काय. आणि आज्ञावली बंद पडल्यास पाठांचे व नोंदींचे काय होईल. एका वर्गासाठी एकच दर्शक खरेदी करणाऱ्या शाळेच्या दृष्टीने यांतील पाचवा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. कारण ज्याच्या डोक्यावर दर्शक, त्याच्याकडे पुढारीपण जाण्याची व उरलेले प्रेक्षक होण्याची शक्यता तेथे अधिक असते. लिंक यांच्या कक्षिकेला लावलेली कसोटी, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाण सुधारले की नाही, ही आजही सर्वांत विश्वसनीय होय.