गुडघ्याची नोंद आणि न विचारलेला प्रश्न

आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाकडे आपण एक तांत्रिक दस्तऐवज म्हणून पाहतो. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात वाचण्याजोगे काही असेल असे सहसा वाटत नाही. परंतु ही यादीसुद्धा एक संहिताच आहे. कोणत्या दुःखाला नाव द्यायचे, ते कोणाच्या भाषेत द्यायचे आणि नाव देताना काय वगळायचे, याचे निर्णय तिच्यात झालेले आहेत. गुडघ्यासारखा नित्याचा अवयव घेतला तरी ते दिसू लागतात.

या यादीचा उगम मृत्यूच्या नोंदींत आहे. जॉन ग्राँट याने लंडनच्या मृत्युपत्रकांचा अभ्यास १६६२ मध्ये प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार याने मृत्यूच्या कारणांची पद्धतशीर मांडणी केली, आणि १८९३ मध्ये झाक बर्तियाँ याने शिकागो येथे आंतरराष्ट्रीय यादी सादर केली. गुडघा दुखून कोणी मरत नाही. त्यामुळे या याद्यांना गुडघ्याशी फारसे कर्तव्य नव्हते. सांध्याचा क्षय झाला तर तेवढ्यापुरता तो 'पांढरी सूज' या नावाने तेथे येई. रुग्णालयांतील जिवंत माणसांच्या आजारांचीही एकसारखी नोंद व्हावी, असा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८६० मध्ये धरला होता. पण जागतिक आरोग्य संघटनेने मृत्यूबरोबर आजारपणाचाही समावेश असलेली सहावी आवृत्ती स्वीकारली ती १९४८ मध्ये.

याचा अर्थ तोवर गुडघ्याच्या दुखण्यांना नावे नव्हती असा नाही. सुश्रुतसंहितेत गुडघ्याच्या एका दारुण सुजेला 'क्रोष्टुकशीर्ष' म्हटले आहे: कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसणारा गुडघा. इंग्रजीत वाटीसमोरच्या पिशवीच्या सुजेला 'मोलकरणीचा गुडघा' म्हणत, कारण गुडघे टेकून फरशी घासणाऱ्या बायकांना ती होई. जेरोम के. जेरोम याच्या 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) या पुस्तकातील निवेदकाला वैद्यकाचा ग्रंथ चाळताना सगळे रोग आपल्याला झाल्याचा साक्षात्कार होतो. अपवाद फक्त याच रोगाचा. त्यातला विनोद आपण हसून सोडून देतो, पण एका सुखवस्तू पुरुषाला नेमका हाच रोग का होऊ शकत नाही, याचे उत्तर त्या नावातच आहे. मराठी माणूस आजही 'वाटी सरकली', 'वंगण संपले' असे म्हणतो. पहिली उपमा दिसण्याची, दुसरे नाव श्रमाचे, तिसरी भाषा यंत्राची.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने अशी नावे मागे सारली, आणि त्याला सबळ कारण होते. पुणे आणि पॅरिस येथील नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या तर उपमा उपयोगी नाहीत. १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत मोलकरणीचा गुडघा 'एम ७०.४' झाला. गुडघ्याची झीज 'एम १७' या खणात गेली. तिथे दोन्ही गुडघ्यांची 'प्राथमिक' झीज 'एम १७.०' ठरते. केसपेपरवर नुसते 'गुडघेदुखी' लिहिले असेल तर ती 'एम २५.५' म्हणजे सांधेदुखी. सांधा कोणता हे सांगणारा पुढचा अंक ऐच्छिक आहे.

येथे 'प्राथमिक' या शब्दापाशी थांबायला हवे. ज्या झिजेमागे इजा किंवा दुसरा आजार असे वेगळे कारण नोंदलेले नाही, ती प्राथमिक. मीरा-भाईंदर शहराची दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे यातील अडचण स्पष्ट होते. मीरा रोड स्थानकात गर्दीच्या लोकलमधून पडून कोणाचा गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, तर त्या इजेला 'एस ८३' हा संकेतांक मिळतो आणि 'रेल्वेतून पडणे' या बाह्य कारणासाठी 'व्ही ८१.६' हा दुसरा. यादी येथे कारण विचारते. उलट उत्तनच्या कोळीवाड्यात वर्षानुवर्षे उकिडवे बसून मासळी निवडणारी किंवा भाईंदरच्या मिठागरात मिठाच्या पाट्या वाहिलेली बाई झिजलेले गुडघे घेऊन आली, तर ती झीज 'प्राथमिक' म्हणून लिहिली जाण्याचीच शक्यता अधिक. वय आणि वजन यांचा वाटा खराच. पण उकिडवे बसून, गुडघे टेकून वा ओझे उचलून करायच्या कामांनी हा धोका वाढतो, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. क्षणात घडलेल्या आघाताला कारण आहे, तीस वर्षांत घडलेल्या आघाताला नाही.

कोणता तपशील मोलाचा, हे नोंदीचा उपयोग कोण करणार यावर ठरते. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणलेल्या आपल्या विस्तारित आवृत्तीत उजव्या गुडघ्याची झीज 'एम १७.११' आणि डाव्याची 'एम १७.१२' आहे. विम्याच्या दाव्यांसाठी ही बारकाई कामाची असते, आणि तिकडच्या रुग्णांचे हे संकेतांक भरण्याचे काम भारतातील अनेक तरुण पदवीधर करतात. अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला. डावा कोणता, उजवा कोणता, हे तेव्हा वृत्तपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. मिठागरातील बाईच्या बाबतीत डावे-उजवे यंत्राला कळेल. ती काय करत होती हे कळणार नाही.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. ब्रिटनने २००९ मध्ये कोळसा खाणकामगारांच्या गुडघ्याच्या झिजेला व्यावसायिक आजार म्हणून मान्यता दिली आणि भरपाईचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडील १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात शिशाची विषबाधा होती, फुप्फुसांत धूळ साचून होणारे आजार होते. गुडघ्याची झीज नव्हती. जे मोजले जात नाही त्याची मागणी करणे कठीण, आणि जे लिहिले जात नाही ते मोजले जात नाही.

दोष सगळा यादीचा आहे असेही म्हणता येत नाही. दहाव्या आवृत्तीत बाह्य कारणांच्या प्रकरणाच्या अगदी अखेरीस 'वाय ९६' हा संकेतांक आहे: कामाशी संबंधित अवस्था. खण आहे, तो भरण्यासाठी केसपेपर लिहिणाऱ्याने एक प्रश्न विचारावा लागतो. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने हाच प्रश्न वाढवायला सांगितले होते: तुम्ही काम काय करता?

जानेवारी २०२४ मध्ये अकराव्या आवृत्तीच्या परंपरागत वैद्यकाच्या प्रकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या संज्ञांचा विभाग जोडला गेला. एकेकाळी मागे सारलेली भाषा यादीत परत येऊ शकते, एवढे त्यातून सिद्ध होते. मग उत्तनच्या बाईच्या केसपेपरवर तिचा धंदाही यावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. त्यासाठी नव्या संकेतांकाची गरज नाही. एक ओळ अधिक लिहिली तरी पुरे.