दोन कादंबऱ्यांच्या मधली बस

मराठी कादंबरीकाराचं चरित्र आपण प्रकाशनवर्षांच्या खुंट्यांवर टांगतो. श्री. ना. पेंडसे यांचंच पाहा : ‘एल्गार’ 1949, ‘हद्दपार’ 1950, ‘गारंबीचा बापू’ 1952, ‘रथचक्र’ 1962, ‘लव्हाळी’ 1966, ‘तुंबाडचे खोत’ 1987. या खुंट्यांच्या मधल्या काळात हा माणूस काय करत होता, हे सहसा कुणी विचारत नाही. पुष्कळ वर्षं तो नोकरीला जात होता, मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये.

पेंडसे 1913 साली दापोलीजवळच्या मुर्डीत जन्मले आणि लहानपणीच मुंबईला आले. आपण त्यांना कोकणचे लेखक म्हणतो. पण ‘बापू’ आणि ‘रथचक्र’ ही पुस्तकं मुंबईत कचेरी सांभाळून लिहिलेली आहेत. मराठीत नुसत्या कादंबरीवर घर चालत नाही, तेव्हाही चालत नव्हतं. उरलेल्या वेळात त्यांनी स्वतःच्याच कादंबऱ्यांची नाटकं केली. ‘हद्दपार’मधले राजे मास्तर आणि गारंबीचा बापू रंगभूमीवर आले ते असे.

पण मधल्या काळातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम वेगळंच आहे : 1972 साली आलेली ‘बेस्ट उपक्रमाची कथा’. वाङ्मयाच्या इतिहासात तिला फारशी जागा मिळत नाही. संस्थेचा इतिहास म्हणजे हुकुमाचं लेखन, असा आपला समज. मात्र ही हकिगत साधी नाही. 9 मे 1874ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907मध्ये ती विजेवर आली. 15 जुलै 1926ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. 7 ऑगस्ट 1947ला कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली आणि 31 मार्च 1964ला शेवटची ट्राम गेली. अखेरची ही घटना तर पेंडसे नोकरीत असतानाच घडली.

शंभर वर्षांची एकच गोष्ट. त्यात मालक बदलतात, वाहनं बदलतात, माणसं येतात आणि जातात, उपक्रम मात्र चालू राहतो. हे वाक्य ‘बेस्ट’ऐवजी जगबुडीकाठच्या एखाद्या खोत घराण्याला लावून पाहा. ‘तुंबाडचे खोत’चे दोन खंड आले तेव्हा पेंडसे 74 वर्षांचे होते. अनेक पिढ्यांचा काळ एका नायकाच्या आधाराशिवाय पेलायचा सराव त्यांनी संस्थेचा इतिहास लिहिताना केला असावा, असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे. पण ‘बापू’सारखी एका माणसाभोवती फिरणारी कादंबरी आणि ‘तुंबाड’ यांच्यामधलं अंतर दुसऱ्या कशाने मला तितकंसं उलगडत नाही.

मी नवी मुंबईत राहतो. पेंडशांचं ते पुस्तक आलं तेव्हा सिडको जेमतेम दोन वर्षांची होती. वाशीच्या खाडीवरून आज ‘बेस्ट’ची बस येते, शिवाय 1996पासून शहराची स्वतःची परिवहन सेवा आहे. तुर्भ्याच्या किंवा आसूडगावच्या आगारात कुणी कंडक्टर, कुणी हिशेबनीस घरी जाऊन कादंबरी लिहीत असेल. त्याची कादंबरी येईल तेव्हा येवो. तोवर त्याने आपल्या आगाराची कथा लिहावी, आणि तिला आपण त्याच्या पुस्तकांच्या यादीत धरावं.