हद्दीचा अर्ज कोणी करायचा?

देवगड आणि जामसंडे एका नगरपंचायतीत आली ती घरमालकांच्या अर्जावरून नव्हे. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायच्या, असे धोरण राज्य शासनाने २०१४ मध्ये घेतले आणि बंदराकाठचे देवगड व सड्यावरचे जामसंडे जोडनावाने शहर झाले. अमेरिकेतील काही राज्यांत लगतच्या जमीनमालकांनी ठरावीक प्रमाणात सह्या केल्या की शहरात सामील होण्याचा प्रस्ताव उभा राहतो. आपल्याकडे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार उद्घोषणेचा मसुदा शासन काढते. मालकाच्या हाती उरते ती मुदतीत नोंदवायची हरकत. ‘नको’ म्हणायची सोय आहे, ‘हवे’ म्हणायची नाही.

हे अपुरे आहे. हद्द बदलली की सातबारा तोच राहतो. घरपट्टी आणि बांधकाम परवानगीचे दार मात्र बदलते, रोजगार हमीची ग्रामीण योजना सुटते. हापूसच्या कलमांत एकटेच घर असलेल्याला नळ, दिवे उशिरा पोचतात, कराचे बिल वेळेवर. अर्जाचा हक्क दिला तर बडे बागायतदार आणि बिल्डर गाव ओढून नेतील, हा आक्षेप खोटा नाही. म्हणून सह्या गुंठ्यांवर नव्हे, घरटी मोजाव्यात, कुळे-भाडेकरूंनाही धरावे. लोकांवर सोडले तर कर भरायला कोण येईल, असेही विचारतात. कोल्हापूरची हद्दवाढ गावांच्या विरोधापुढे अडली आणि २०१७ मध्ये प्राधिकरणाचा मधला मार्ग काढावा लागला, हे खरेच. पण न विचारता घेतलेली गावे तरी कुठे टिकतात? त्याच वर्षी पुणे महापालिकेत आलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे कराच्या तक्रारींनंतर पुन्हा वगळावी लागली.